काय टाकू?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या माणिकपूरमधलाच, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा मुलगा. मुलगा म्हणजे तसा पंचविशीचा. सकाळी वसई रोडला लोकलमध्ये स्वतःला कोंबून घेऊन अंधेरीला नोकरीला जातो आणि पगारातून जे उरतं ते गेलं दीड वर्ष खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ओततो. आवाज रडवेला.

"काका, लेदर कोरल बंद झालंय. आज सहावा दिवस. झेनिया पण लोंबतंय. काय टाकू?"

झोप तर गेलीच, पण खरं सांगायचं तर डोकंही गेलं. कोरल बंद झालं म्हणून नाही, "काय टाकू" म्हणून. गेल्या बारा-तेरा वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय, आणि त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीची तीन-चार वर्षं स्वतः इतक्या वेळा विचारलाय, की आता तो कानावर पडला की अंगावर काटा येतो. म्हणून आज एकदाचं काय ते लिहून मोकळा होतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. घरच्या टँकमधली सॉफ्ट कोरल आजाराने फारशी मरत नाहीत. ती आपल्या उपायांनी मरतात. आणि या सगळ्या उपायांची सुरुवात "काय टाकू" या दोन शब्दांपासून होते.

ही सवय नुसती टँकवाल्यांची नाही म्हणा. आपल्याकडे तापाचा पेशंट दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांनी "दोन दिवस आराम करा, पाणी प्या" एवढंच सांगून घरी पाठवलं, तर तो डॉक्टर बिनकामाचा ठरतो. सुई टोचली पाहिजे. जमलं तर सलाईन लावली पाहिजे. काहीतरी अंगात गेलं की मनाला बरं वाटतं. शेतात पान पिवळं पडलं की आधी फवारणी, मुळाशी काय झालंय ते मग बघू. हीच सवय आपण टँकपर्यंत घेऊन येतो. फरक एवढाच, की तापाचा पेशंट सलाईन लावूनही बहुतेक वेळा बरा होतो. कोरल होत नाही.

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोरल म्हणजे प्रवाळ, आणि प्रवाळ हा प्राणी आहे. सॉफ्ट कोरल म्हणजे त्यातला मऊ प्रकार. हा खडक बांधत नाही, चामड्यासारखा किंवा रबरासारखा असतो. लेदर कोरल, म्हणजे सार्कोफायटन, दिसायला मोठ्या अळंबीसारखं. त्याच्या टोपीवर शेकडो बारीक पॉलिप, आणि प्रत्येक पॉलिपला पिसासारखी आठ बोटं. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि बरीचशी घरमालकाला देतं. याला डोळे नाहीत, आवाज नाही, जागा सोडून पळून जाता येत नाही. काही बिनसलं तर याला एकच गोष्ट येते. बंद होणं.

आता बघा, अडचण इथेच आहे. पाणी जास्त खारट झालं, बंद. कमी खारट झालं, बंद. उजेड वाढला, बंद. प्रवाह थेट तोंडावर आला, बंद. मासा येऊन सारखा टोचतोय, बंद. शेजारच्या कोरलने पाण्यात विष सोडलं, बंद. आणि काहीही झालेलं नसतानाही बंद! त्याचं कारण पुढे सांगतो. म्हणजे "बंद" हा एकच शब्द, आणि त्याचे डझनभर अर्थ. लहान बाळ रडतंय म्हणून कुणी फोन केला आणि विचारलं "काय पाजू?", तर तुम्ही काय सांगाल? आधी विचाराल ना, की दुपटं ओलं आहे का, भूक लागलीय का, मुंगी चावलीय का?

आता माझ्या हातून झालेला खून सांगतो.

टँक सुरू करून वर्ष झालं असेल. माझ्याकडे सार्कोफायटनची एक वसाहत होती, तळहाताएवढी. बदामी रंगाची. एका सकाळी ती मिटली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मेणासारखा चमकदार थर दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी तो थर पांढुरका झाला आणि मी हादरलो. मुंबईतल्या एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आयोडीन टाका सर." टाकलं. पाचव्या दिवशी आणखी एका जाणकाराने सांगितलं, इन्फेक्शन आहे, बाहेर काढून औषधाच्या पाण्यात बुडवा. बुडवलं. सातव्या दिवशी वाटलं उजेड कमी पडतोय, म्हणून वरच्या खडकावर, थेट दिव्याखाली नेलं. नवव्या दिवशी निम्मं पाणी बदललं, तेही घाईघाईत कालवलेलं, मीठ नीट विरघळलेलंसुद्धा नव्हतं. अकराव्या दिवशी देठाला काळा डाग पडला, आणि बाराव्या दिवशी टँकच्या खोलीत असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, "घरात सुकट आणलीय का?"

सहा महिन्यांनी मला कळलं, की सार्कोफायटन अधूनमधून कात टाकतं. अक्षरशः. अंगावर साचलेलं शेवाळ आणि घाण घालवण्यासाठी ते मिटतं, वर मेणचट पापुद्रा धरतं, आणि काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीसुद्धा, तो पापुद्रा सोडून पुन्हा पूर्वीपेक्षा ताजंतवानं उघडतं. त्याला त्या वेळी काही हवं असेल तर थोडा जास्त प्रवाह, पापुद्रा वाहून जाण्यापुरता. बाकी काही नको. म्हणजे माझं कोरल अंघोळ करत होतं, आणि मी त्याला अतिदक्षता विभागात नेऊन मारलं.

त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. मी विचारलं "काय टाकू", त्याने सांगितलं काय टाकायचं. "काही टाकू नका, पंधरा दिवस वाट बघा" असं सांगण्याचे पैसे त्याला कोण देणार? बाटलीचे मिळतात.

म्हणून माझ्या मते प्रश्न बदलायला हवा. "काय टाकू" नाही. "काय बदललं?"

मे महिन्यातल्या त्या मुलालाही मी हेच विचारलं. तो म्हणाला, "काहीच नाही काका. सगळं तसंच आहे." हे उत्तर नेहमी खोटं असतं. मुद्दाम खोटं नव्हे, पण खोटं. शर्ट चढवला, पिशवीत रिफ्रॅक्टोमीटर टाकला आणि गेलो त्याच्या घरी.

टँक एकशेवीस लिटरचा. पाणी स्वच्छ, काच लख्ख. टँकच्या कडेला एक छोटा पंखा पाण्यावर वारा मारत होता. विचारलं, हा कधी लावला? म्हणे, दहा दिवस झाले, पाणी 31 अंशांवर गेलं होतं म्हणून. काही बदललं नाही म्हणणारा हाच! बरं, पंख्याने पाणी उडत असेल ना? हो, रोज दोनेक लिटर उडतं, मी रोज भरतो. कुठलं भरतोस? कोपऱ्यातल्या ड्रमकडे बोट दाखवलं. मीठ कालवून ठेवलेला ड्रम.

इथे सगळं संपलं. टँकमधून उडतं ते नुसतं पाणी. मीठ आत राहतं. म्हणजे तूट भरायची ती गोड्या पाण्याने. तो भरत होता खाऱ्याने. एका लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, दोन लिटरला 70 ग्रॅम, दहा दिवसांत 700 ग्रॅम. एकशेवीस लिटरमध्ये 700 ग्रॅम म्हणजे लिटरला जवळजवळ सहा ग्रॅम जास्त. 35 चं 41 झालं. त्याचा काट्याचा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर मात्र छातीठोकपणे 1.025 दाखवत होता, कारण काट्यावर क्षारांचा थर बसला होता आणि तो जागच्या जागी अडकला होता. माझ्या रिफ्रॅक्टोमीटरने दाखवलं 1.031.

"मग आता काय टाकू?" परत तेच!

मी म्हटलं, टाकू नकोस, काढ. रोज चार लिटर टँकमधलं पाणी काढायचं, तेवढंच गोडं पाणी हळूहळू सोडायचं. उडालेल्या पाण्याची भरपाईही गोड्याचीच. पाच दिवसांत जागेवर येईल. एका दिवसात आणायचं नाही. जे दहा दिवसांत चढलं ते एका तासात उतरवलंस, तर चढण्याने मेलं नाही ते उतरण्याने मरेल. आणि त्याच्या कपाटात बघितलं तर त्या सहा दिवसांत आणलेल्या तीन बाटल्या होत्या. आयोडीन, कोरलचं खाद्य आणि कसलंसं "रिकव्हरी" औषध. तिन्ही अर्ध्या झालेल्या. खारटपणा मोजण्याचं धड साधन मात्र घरात नव्हतं. मी काही बोललो नाही, पण तीन बाटल्यांच्या पैशांत रिफ्रॅक्टोमीटर आला असता. तोही 35 च्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यायचा असतो, नुसत्या गोड्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणजे वरही बरोबर असेल असं नाही.

बाटल्यांबद्दल जरा स्पष्टच बोलतो. काही बाटल्यांना अर्थ आहे. खडक बांधणाऱ्या कोरलना कॅल्शियम लागतं, कार्बोनेट लागतं, तिथे मोजून घालणं समजू शकतो. सॉफ्ट कोरलची गरज फार थोडी. चांगल्या मिठाचं पाणी आठवड्याला दहा टक्के बदललं तर बहुतेक घरगुती टँकमध्ये तेवढं पुरतं. आयोडीन तर घरच्या घरी खात्रीने मोजतासुद्धा येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते घालू नये, हा साधा स्वयंपाकघरातला नियम आहे. मीठ किती पडलंय हे कळत नसताना कुठली बाई आमटीत आणखी मूठभर टाकते?

दुसरी साथ म्हणजे "झिरो"ची. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, पाणी आरशासारखं. दिसायला झकास. पण सॉफ्ट कोरल समुद्रातही बऱ्याचदा जरा गढूळ, अन्न असलेल्या पाण्यात राहणारा जीव आहे. पाच-दहा नायट्रेट त्याला चालतं, नव्हे, थोडंफार लागतंच. मी असे टँक पाहिलेत जिथे मालकाने स्किमर, फॉस्फेट शोषणारी खडी, वर आणखी जिवाणूंची बाटली असं सगळं लावून पाणी उपाशी केलं, आणि मग कोरल फिकट पडलं म्हणून कोरलचं खाद्य विकत आणलं. एका हाताने ताट काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने टॉनिक पाजायचं. याला काय म्हणावं?

आता वसईच्या लोकांसाठी खास. आपल्याला इथे दोन मोठे भ्रम आहेत. पहिला, "समुद्र पाच किलोमीटरवर आहे, मीठ कशाला विकत घ्यायचं?" मीही हा प्रयोग करून बसलोय. भुईगावहून कॅन भरून आणले होते. आपला किनारा एका बाजूला वसईची खाडी आणि दुसऱ्या बाजूला वैतरणेची खाडी, यांच्या मधे आहे. गाळ भरपूर, आणि पावसाळ्यात नद्यांचं पाणी येऊन खारटपणा कुठल्या कुठे खाली जातो. वर शहराचं सांडपाणी. पाण्यात काय आहे ते आज वेगळं आणि उद्या वेगळं. दूर समुद्रातून, तपासून आणलेलं पाणी ही वेगळी गोष्ट. किनाऱ्यावरून उचललेलं पाणी म्हणजे जुगार.

दुसरा भ्रम मिठागराचा. आमच्याच एका नातलगांनी मला मनापासून सल्ला दिला होता, "अरे, एवढं परदेशी मीठ आणतोस, आपल्या मिठागराचं पोतं घे की!" ऐकायला बरोबर वाटतं. समुद्राचंच पाणी, समुद्राचंच मीठ. पण मिठागरात होतं काय? पाणी आटत जाताना आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग खायचं मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम वगैरे शेवटच्या कडू पाण्यात राहतं, जे काढून टाकतात. म्हणजे हातात येतं ते समुद्रातलं फक्त एक पात्र. बाकीचं नाटक गेलं. आमटीला ते उत्तम, कोरलला निरुपयोगी.

आणि गोडं पाणी? इथे तर "काय बदललं" हा प्रश्न रोजच विचारावा लागतो. आपल्या सोसायट्यांमध्ये कधी सूर्या धरणाचं पाणी येतं, कधी टँकर, कधी बोअरिंग, आणि टाकीत हे सगळं एकत्र होतं. वॉचमनने पंप कुठला चालू केला हे तुम्हाला कोण सांगणार? म्हणून आरओ हवाच. पण स्वयंपाकघरातला आरओ पुन्हा वेगळा. त्यात बऱ्याचदा चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम परत मिसळण्याची सोय असते. माणसाला चांगलं, टँकला नाही. एक साधा टीडीएस मीटर घ्या आणि टँकमध्ये जाणारं पाणी मोजा. माझ्याकडे एकदा हाच आकडा तीनवरून नव्वदवर गेला होता आणि मी तीन आठवडे दिव्याला शिव्या देत होतो.

दिव्यावरून आठवलं. वीज गेली की लोक आधी घाबरतात ते उजेडासाठी. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं तेव्हाची गोष्ट ज्यांना आठवतेय त्यांना आठवेल. रुळांवर पाणी, लोकल बंद, रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी, आणि घराघरांत अंधार. त्या वेळी मी दोन रात्री टँकजवळ बसून काढल्या. उजेड नसला तरी सॉफ्ट कोरलला दोन-तीन दिवस काही होत नाही. समुद्रातही ढग येतात. मारतो तो थांबलेला प्रवाह आणि संपलेला प्राणवायू. मासे आधी जातात, मग त्यांच्या सडण्याने बाकीचं. सेलवर चालणारा शंभर-दोनशे रुपयांचा एअर पंप त्या वेळी माझ्या सगळ्या महागड्या बाटल्यांपेक्षा मोलाचा ठरला. पंप नसेल तर तांब्याने पाणी वर उचलून परत आत ओतायचं. तेही केलंय. पण तांब्या स्टीलचा घ्या, तांब्याचा नको! तांबं या जिवांचं विष आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची बरीच औषधं तांब्याचीच असतात, आणि ती टाकून सगळी कोरल एका आठवड्यात घालवलेले लोक मी पाहिलेत. तिथेही प्रश्न तोच होता. मासा आजारी आहे, काय टाकू?

कुणी म्हणेल, मग काय नुसतं बसून राहायचं? सडायला लागलं तरी? नाही. काही वेळा हात घालावाच लागतो, आणि लगेच. कोरलचा लगदा व्हायला लागला, कुजका वास आला, तर तो भाग धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापून टाका. उरलेलं देठ बऱ्याचदा नवी टोपी धरतं. घरात पेस्ट कंट्रोल झालं, दिवाळीआधी रंग काढला, कुणी टँकशेजारी डासांचा स्प्रे मारला, तर ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि पाणी बदला. लेदर आणि सिन्युलारिया शेजारच्यांविरुद्ध पाण्यात रसायनं सोडतात, त्यालाही कार्बन हेच उत्तर. आणि झोअँथिड चढलेले खडक घरात उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, हातमोज्यांशिवाय खरवडू नका. त्यांच्यातल्या काहींत पालिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. त्याच्या वाफेने माणसं दवाखान्यात पोचली आहेत. तेव्हा मी "काहीच करू नका" असं म्हणत नाही. मी म्हणतो, आधी कारण, मग हात. आणि एका वेळी एकच बदल. चार बदल एकदम केले आणि कोरल उघडलं, तर कशाने उघडलं ते कळणार नाही. मेलं, तर कशाने मेलं तेही कळणार नाही. म्हणजे मरणसुद्धा फुकट गेलं.

आता जे लिहिणार आहे ते काही मित्रांना आवडणार नाही. पण लिहितो.

आपल्या देशात 2001 पासून खडक बांधणारी सगळी कोरल, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सगळे समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या अनुसूचीत वाघ आहे, तीच. तरीही "लाइव्ह रॉक" म्हणून काय काय विकलं जातं आणि आपण काय काय विचारत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. या न विचारण्याचा परिणाम थेट टँकवर होतो. कोरल कुठून आलं, किती खोलीवरून आलं, किती दिवस पिशवीत होतं, आधीच्या मालकाकडे कुठल्या दिव्याखाली होतं, यातलं काहीही माहीत नसतं. मग ते मिटलं की "काय बदललं" या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच गायब. ज्याचा पत्ता सांगता येत नाही, त्याची तब्येत कशी सांभाळणार?

मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम निघालं तेव्हा वरळी आणि हाजी अली इथल्या खडकांवर कोरल सापडली होती. नोव्हेंबर 2020 मध्ये ती दुसरीकडे हलवली. त्यासाठी वन खात्याची परवानगी घ्यावी लागली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले. ते हलवणं योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो, तो मला इथे घालायचा नाही. मला एवढंच म्हणायचंय, की एक कोरल एका खडकावरून दुसऱ्या खडकावर नेणं ही समुद्रातसुद्धा इतकी गंभीर गोष्ट आहे. आणि आपण घरी, आठवड्यातून तीनदा, चहाचा कप एका हातात धरून ती करतो. "इथे खूश दिसत नाही, तिकडे लावून बघू."

म्हणून माझा हट्ट आहे. सॉफ्ट कोरल घ्यायचंच असेल तर दुसऱ्याच्या टँकमध्ये वाढलेल्या वसाहतीचा तुकडा घ्या. लेदरची टोपी कापली तरी पुन्हा येते, तुकडा दगडाला धरतो, आणि मुख्य म्हणजे त्याचा इतिहास सांगणारा माणूस फोनवर असतो. विकत घेतलंत तर बिल मागा. बिल देता येत नसेल, तर ते कोरल घेऊ नका. आणि समुद्रावर फिरायला गेलात, मालवणला, कुठेही, तर हात खिशात ठेवा.

आणि एक वही ठेवा. दोन ओळींची रोजची नोंद. तापमान, खारटपणा, काय बदललं. पंखा लावला, लिहा. नवा दिवा, लिहा. मोलकरणीने टँकची काच कशाने पुसली, लिहा. तीन आठवड्यांनी कोरल मिटेल तेव्हा कुठल्याही जाणकारापेक्षा ती वही जास्त सांगेल. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही नेऊन दिली. त्याने चेहरा असा केला जणू मी त्याला पाढे लिहायला बसवतोय.

झेनिया वाचलं नाही. तिसऱ्या दिवशी विरघळून गेलं. ते मी त्याला आधीच सांगितलं होतं, तरी त्याला फार लागलं, आणि लागायलाच हवं. लेदर पाच दिवसांनी, पाणी जागेवर आल्यावरसुद्धा, तसंच मिटलेलं होतं. त्याचे रोज फोन. रोज मी एकच विचारायचो, "वहीत काय लिहिलंस?" तेराव्या दिवशी रात्री साडेअकराला फोन आला. टोपीच्या एका कडेला पॉलिप बाहेर आले होते. अर्धवटच, पण आले होते. तो इतका खूश होता की मागून त्याच्या आईचा ओरडा ऐकू येत होता, "अरे झोप आता, सकाळी लोकल पकडायचीय!"

"काका, उघडतंय! आता पूर्ण उघडायला काय टाकू?"

मी म्हटलं, "टँकसमोर खुर्ची टाक. आणि बस."

असो. तो बसला की नाही माहीत नाही. पण त्यानंतर त्याने बाटली आणलेली नाही, एवढं खरं.